इंटरनेट जोडणी : घरासाठी आणि व्यवसायासाठी

जयपूर हे रत्नांचे शहर. जोहरी बाजारातील पेढ्यांवरून आणि सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांतून पैलू पाडलेले पाचू व अन्य रंगीत रत्ने जगभर जातात. परदेशी ग्राहकाला कॅमेऱ्यासमोर माल दाखविणे, सीमाशुल्क खात्याच्या ‘आइसगेट’ या संकेतस्थळावर शिपिंग बिल दाखल करणे, बँकेशी पत्रव्यवहार करणे, ही सारी कामे आता इंटरनेटवरून होतात. साहजिकच व्यापाऱ्याला प्रश्न पडतो : मानसरोवरातील घरी शंभर एमबीपीएसची जोडणी दरमहा हजार रुपयांच्या आत मिळत असता, पेढीवर तेवढ्याच वेगाच्या लीज्ड लाइनसाठी कित्येक पट रक्कम का मोजावी?

वाटून घेतलेला वेग

बँक व्यवहाराशी परिचित असलेल्यांना याचे उत्तर सहज उमगेल. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढत नाहीत, या अनुभवाच्या आधारेच बँक ठेवींतून कर्जे देते. इंटरनेट पुरवठादारही सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरणार नाहीत, हे गृहीत धरून एकच क्षमता अनेकांना विकतो. या वाटणीच्या प्रमाणास ‘कंटेन्शन रेशो’ म्हणतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, २००९ साली घरगुती ब्रॉडबँडसाठी १:५० आणि व्यावसायिक ब्रॉडबँडसाठी १:३० असे प्रमाण सुचविले होते. १:५० प्रमाणात शंभर एमबीपीएस विकत घेणाऱ्या पन्नासही ग्राहकांनी एकाच वेळी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला केवळ दोन एमबीपीएस येतात. रात्री नऊनंतर घरचा वेग मंदावतो, त्याचे एक कारण हेच.

अतिवापर करणारे घर

अहोरात्र डाउनलोड करणारा घरगुती ग्राहक हा दररोज संपूर्ण ठेव काढू पाहणाऱ्या ठेवीदारासारखा असतो. म्हणूनच ‘अमर्याद’ योजनांतही वाजवी वापराची मर्यादा असते. अनेक फायबर योजनांत ती महिना ३,३०० जीबी आहे. शंभर एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने तासाला सुमारे ४५ जीबी डाउनलोड होतात. त्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे ७३ तासांत संपेल. सामान्य कुटुंब तेथवर क्वचितच पोहोचते. मर्यादा संपल्यावर वेग घटतो. मात्र तो ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही, असा निर्देश ‘ट्राय’ने २०१६ साली दिला.

व्यवसायाला मिळते ते वचन

लीज्ड लाइन ही बँकेतील लॉकरसारखी असते. लॉकर रिकामा राहिला तरी भाडे द्यावे लागते. परंतु तो दुसऱ्या कोणास दिला जात नाही. येथे वाटणी १:१ असते, पाठविण्याचा व घेण्याचा वेग समान असतो आणि स्थिर आयपी पत्ता मिळतो. सर्वांत महत्त्वाचा असतो तो सेवेच्या दर्जाचा लेखी करार. त्यात जोडणी किती टक्के वेळ चालू राहील, बिघाड किती तासांत दूर होईल आणि तसे न झाल्यास देयकात किती सूट मिळेल, हे नमूद असते. ९९.५ टक्के हमी म्हणजे तीस दिवसांत जास्तीत जास्त ३ तास ३६ मिनिटे खंड. ९९ टक्के म्हणजे त्याच्या दुप्पट. सामायिक वेगाची, पण स्थिर आयपी पत्ता देणारी व्यावसायिक ब्रॉडबँड जोडणी हा या दोहोंमधील मार्ग होय.

निवड कशी करावी?

प्रत्येक पेढीला लीज्ड लाइन हवीच, असे नाही. जोडणी एक तास बंद पडल्यास किती नुकसान होईल, याचा अंदाज प्रथम घ्यावा आणि तो दोन योजनांच्या खर्चातील फरकाशी ताडून पाहावा. इंटरनेट सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यावसायिकास, देयकावर त्याचा जीएसटी क्रमांक असल्यास, व्यवसायासाठी वापरलेल्या सेवेवरील हा कर नियमानुसार वळता करून घेता येतो. कुटुंबीयाच्या नावावरील घरगुती जोडणीवर हा लाभ सहसा हातचा जातो.

पर्यायी व्यवस्थेचा विचारही आवश्यक आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेनिमित्त जयपुरात मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. अशा दिवशी मोबाइलचा आधार पुरत नाही. दुसऱ्या पुरवठादाराची, वेगळ्या मार्गाने आलेली तारेची जोडणीच कामी येते.

जाहिरातीत वेगाचा आकडा ठळक असतो आणि शर्ती बारीक अक्षरांत. कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी जी दक्षता ग्राहक घेतो, तीच येथेही घ्यावी. घराला वेग पुरतो; व्यवसायाला त्या वेगाची लेखी हमी लागते, आणि अधिक किंमत मोजली जाते ती या हमीचीच.