कुलूप आपलं, किल्ली आपल्या खिशात

जुन्नर-आंबेगावात वाढलेल्या माणसाला बिबट्याचं अप्रूप नसतं. आम्ही त्याला वाघच म्हणतो. रात्री मोटार चालू करायला विहिरीवर जाताना बॅटरी घ्यायची, मोबाइलवर गाणी लावायची, मोठ्याने बोलत जायचं, हे आमच्या मढ गावच्या पोरासोरांनाही ठाऊक. मी फॅब्रिकेशनचं काम करतो, त्यात प्राण्यांच्या पिंजऱ्यांची दुरुस्तीही येते. या कामावर नव्याने येणारी आपल्याकडची पोरं हीच हुशारी घेऊन येतात आणि तिथेच फसतात.

मोकळा बिबट्या माणसाला टाळतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून आमच्या माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ‘आजोबा’ पडलं, पुढे सिनेमाही निघाला. हमरस्ते, रेल्वेलाइन, वसईची खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटरवरच्या मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तो पोचला. इतक्या वस्तीतून गेला, पण कुणाच्या अंगावर गेला नाही. पिंजऱ्यातल्या बिबट्याला मात्र तुम्हाला टाळायला जागाच नसते. वर रोज माणूस बघून त्याची भीती मोडलेली असते. बादलीचा आवाज, कुणाची चप्पल कशी वाजते, मटण किती वाजता येतं, सगळं त्याला पाठ. त्यात पिंजऱ्यावरची माणसं त्याला लाडाच्या नावाने हाक मारतात. ती हाक ऐकून बाहेरच्याला वाटतं, हा माणसाळला.

एका ठिकाणी, नाव सांगत नाही, माझ्याबरोबरच्या हेल्परचा वेल्डिंगचा रॉड घरंगळत पिंजऱ्यापुढे जमिनीवर ओढलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत गेला. तो उचलायला पोरगं गजांपाशी उकिडवं बसलं. बिबट्या मागच्या कोपऱ्यात झोपलेला दिसत होता. गुरगुर नाही, काही नाही, एकदम पंजा बाहेर आणि नखं पोराच्या दंडात. मी पोराला ओढायला धावलो, तर तिथल्या प्राणीरक्षकाने मला कोपराने ढकललं. आधी त्याने बादली गजांवर दणकन आपटली, नखं सुटली, मग पोराला मागे घेतलं. नखं आकड्यासारखी अडकलेली असताना ओढलं असतं तर मांस फाटलं असतं. जुन्या प्राणीरक्षकांकडून शिकायचं ते हेच. ते कधी गजांकडे पाठ करून उभे राहत नाहीत, खाली बसत नाहीत, पिंजऱ्याजवळ येताना आधी आवाज देतात. उकिडवा माणूस जनावराला लहान दिसतो, भक्ष्याएवढा.

आता कामाचं. पिंजऱ्यात जायच्या आधी जनावर कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. ‘पलीकडच्या खोलीत घेतलंय’ हे कुणाच्या तोंडून ऐकलेलं चालत नाही. दोन खोल्यांमधलं दार वर-खाली सरकणारं असेल तर त्याच्या दोरीवर भरवसा ठेवू नका, खाली खीळ घालून घ्या. त्या दाराला स्वतःचं कुलूप लावा आणि काम संपेपर्यंत किल्ली खिशात ठेवा. यावर साहेब हसतात, हसू द्या. लोखंड गंजतं, वेल्डिंग सुटतं. मार्च २०२४ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातला बिबट्या पिंजऱ्यातून निसटला होता. तो आवारातच सापडला म्हणून बरं.

भुलीचं इंजेक्शन दिलेल्या बिबट्याजवळ काम पडलं तर जास्तच जपा. त्याचे डोळे उघडे असतात, म्हणून डॉक्टर त्यात मलम घालून वर फडकं टाकतात. घण पडला, कुणी ओरडलं, की भूल हलकी असलेलं जनावर उठू शकतं. डॉक्टर ‘बाहेर’ म्हणाले की हत्यारं तिथेच टाकून निघायचं. ग्राइंडर नंतर आणता येतो.

ओरखडा किती का लहान असेना, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा. हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही. मग लगेच सरकारी दवाखाना. कुत्र्यासारखाच बिबट्याकडूनही रेबीज होऊ शकतो. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत सीरमही लागतं, ते आपण होऊन विचारा. रोजंदारीवरच्या माणसाला लस आधीच टोचून घेता येते. ठेकेदार दर ठरवायला बसला की लशीचं आणि विम्याचं तेव्हाच बोलून घ्या, काम सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

आपल्या गावातही बिबट्या पकडायला पिंजरा येतोच. बिबट्या अडकला की अर्धा गाव तिथे. पोरं गजाला मोबाइल टेकवून व्हिडिओ काढतात, कुणी काठी घालतं. घाबरलेलं जनावर गजांवर धडका देतं, सुळे मोडून घेतं, आणि मोडक्या सुळ्यांच्या बिबट्याला परत जंगलात सोडणं अवघड होतं. मग तो माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जन्मभर बसतो आणि कुणाला तरी रोज त्याच्यापाशी जावं लागतं. तेव्हा वन खात्याची गाडी येईपर्यंत पोरांना लांब ठेवा, पिंजऱ्यावर गोणपाट किंवा ताडपत्री टाकायची असली तर ती वनकर्मचाऱ्यांनाच टाकू द्या, आणि ट्रॅक्टरवर चढवताना गजात बोटं घालून पिंजरा धरू नका. बाहेरच्या कड्यांत बांबू घालून उचला.