वारा कुठून येतो?

इंजिनाच्या होडीला डिझेल लागते आणि शिडाच्या होडीला वारा. डिझेल किती उरले ते टाकीत डोकावले की कळते. वारा मात्र दिसत नाही. म्हणून शीड हाकायला शिकणाऱ्याने दोरी आणि सुकाणू हाती घेण्याआधी वारा ओळखायला शिकावे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वारा ज्या दिशेकडून येतो, त्या दिशेचे नाव त्याला देतात. नैऋत्य वारा नैऋत्येकडून येतो आणि ईशान्येकडे जातो. परीक्षेत पुष्कळांची इथेच गडबड होते!

करून पहा

१) बोट ओले करून उभे धरा. ज्या बाजूला आधी गार लागेल, तिकडून वारा येतो. वाऱ्याने पाणी लवकर वाळते आणि वाळताना ते बोटाची उष्णता घेते, म्हणून गार लागते.

२) डोळे मिटून सावकाश वळा. वारा तोंडावर लागून दोन्ही कानांत सारखाच आवाज येऊ लागला, की तुमचे नाक वाऱ्याकडे आहे असे समजा.

३) काठीच्या टोकाला लोकरीचा हलका धागा बांधा. धागा ज्या बाजूला उडेल, त्याच्या उलट बाजूने वारा येतो. असाच धागा शिडाच्या होडीवरही बांधतात.

आजूबाजूच्या खुणा

चुलीचा धूर, झेंडा आणि माडाच्या झावळ्या पहा. वाळूवर बसलेले समुद्रपक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतात. पाण्यावरचे बारीक तरंग वाऱ्याबरोबर पुढे सरकतात. मोठ्या लाटांवर मात्र भरवसा ठेवू नये, त्या दूरच्या वाऱ्याने उठलेल्या असू शकतात. पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला, तर तिथे वाऱ्याचा जोराचा झोत आहे असे समजून आधीच सावध व्हावे. पांढरा फेस तुरळक दिसू लागला, तर वारा ताशी सुमारे १२ ते १९ किलोमीटर असतो. फेस वाढू लागला की नवशिक्याने किनारा गाठावा.

खारा वारा आणि मतलई वारा

दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा हवा जमिनीकडून समुद्राकडे जाते. हा मतलई वारा. आपल्या कोकण किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून मतलई वारा पूर्वेच्या बाजूने येतो. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी बांधव पहाटे मतलई वाऱ्याने बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने घरी येत.

होडी चालू झाल्यावर

वारा पडलेला असतानाही सायकल जोरात हाणली की तोंडावर वारा लागतो. होडीतही तसेच होते. चालत्या होडीतल्या धाग्यावर खरा वारा आणि होडीच्या वेगाचा वारा, दोन्हींचा परिणाम होतो. वाऱ्याबरोबर जाताना तर वारा पडल्यासारखाच वाटतो. मग होडी परत वळवली, की तोच वारा दुप्पट जोराचा भासतो. म्हणून अधूनमधून पाण्यावरचे तरंग पाहून खरा वारा ताडावा.

परत कसे यायचे?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, बरं का! शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही. शीड नुसते फडफडते. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ४५ अंश डावीकडे, मग तितकेच उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते. चौरसाची बाजू आणि कर्ण आठवा : सरळ १ किलोमीटरच्या जागी सुमारे १.४ किलोमीटर अंतर पडते.

आता विचार करा. वारा जमिनीकडून वाहत असेल, तर किनाऱ्याजवळचे पाणी झाडांच्या आणि डोंगराच्या आडोशाने शांत दिसते. होडी भरभर आत जाते, मजा वाटते. आडोसा सुटला की वारा वाढतो आणि परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर येते. नवशिके असेच अडकतात. म्हणून शिकताना हलका आणि किनाऱ्याकडे येणारा वारा निवडावा. जीवरक्षक जाकीट घालावे आणि जाणत्या माणसाशिवाय पाण्यात उतरू नये.

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. एवढ्या मोठ्या प्रवासातही शिडाच्या नौकेला रोज हाच प्रश्न सोडवावा लागतो : वारा कुठून येतो?

सांगा पाहू

१) धागा पूर्वेकडे उडत आहे. वाऱ्याचे नाव काय?
२) पहाटे मतलई वाऱ्याने आत गेलेल्या होडीला लगेच परतणे कठीण का जाते?
३) वाऱ्याबरोबर जाणाऱ्या होडीत वारा कमी का वाटतो?

पालकांना विनंती : आपल्याकडे वाऱ्यांना जी जुनी नावे आहेत, ती मुलांना सांगावीत. आम्ही ती पुढच्या अंकात लावू.