मुलांची कलासाधना : लखनौचा एक वस्तुपाठ

मुलांच्या कलागुणांना उत्तेजन द्यावे, याविषयी कोणाचे दुमत असणार नाही. मतभेद सुरू होतात ते उत्तेजन म्हणजे नेमके काय, या प्रश्नापाशी. स्नेहसंमेलनातील टाळ्या, पाहुण्यांसमोर ‘एक गाणे म्हणून दाखव’ हा आग्रह, दूरचित्रवाणीवरील स्पर्धेची स्वप्ने आणि वाढदिवसाला आणलेली भारी रंगपेटी, एवढ्यालाच बहुधा आपण उत्तेजन समजतो. यात गैर काही नाही. परंतु एवढ्याने मुलाची कला सहा महिन्यांपलीकडे टिकत नाही, हा अनेक घरांतील अनुभव आहे. ती टिकण्यासाठी काय लागते, याचा एक उत्तम वस्तुपाठ लखनौ शहरात आहे आणि तो घालून देणारे दोघेही मुंबईचे होते.

लखनौच्या कैसरबागेत ‘परीखाना’ नावाची वास्तू आहे. अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांच्या काळात तेथे नृत्य-गायनाची तालीम चालत असे. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले, नवाब कलकत्त्यास गेले. आज त्याच वास्तूत भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय नांदते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. ते व्यवसायाने वकील. विद्यार्थिदशेत लागलेला सतारीचा छंद त्यांनी पदवी व वकिली सांभाळून जोपासला आणि पुढे सारे आयुष्यच संगीताला वाहिले. त्यांच्या प्रेरणेने आणि राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या प्रयत्नांनी १९२६ मध्ये लखनौस संगीत महाविद्यालय उभे राहिले. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने ते ‘मॅरिस कॉलेज’ म्हणून ओळखले जाई. १९६६ मध्ये त्याला भातखंडे यांचे नाव मिळाले.

त्या काळी सामान्य घरातील मुलाला गाणे शिकणे किती अवघड होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. विद्या घराण्यांत बंदिस्त होती. उत्तम बंदिशी सहजासहजी कानी पडत नसत आणि लिहून ठेवण्याची सर्वमान्य रीत नव्हती. भातखंडे यांनी देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांच्या ग्रंथमालेत त्या मराठीतून प्रसिद्ध केल्या. या नावातील ‘क्रमिक’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी स्वरांचे पाठ, मग सोप्या सरगमी, मग लहान चिजा. अवघड रागांची पाळी नंतर. त्यांची स्वरलेखनपद्धती तर चौथीतील मुलालाही एका दुपारी समजावी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी स्वराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू. समेला गुणाकाराची खूण आणि खालीला शून्य. लक्षणगीत हा त्यातील खास मुलांना आवडणारा प्रकार. ज्या रागाचे नियम शिकवायचे, ते त्याच रागातील गीताच्या शब्दांत गुंफलेले असतात. मूल गाणे पाठ करते आणि व्याकरण आपोआप तोंडी बसते. पाढ्यांना चाल लावणारे आपले जुने गुरुजी हेच करीत होते.

आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे, तर ही आवर्ती ठेव आहे. दरमहा भरलेली रक्कम लहान असते, पण हप्ता चुकवायचा नसतो. रोज वीस मिनिटे बसणाऱ्या मुलाची प्रगती रविवारी तीन तास बसणाऱ्या मुलापेक्षा अधिक होते, हे कोणताही अनुभवी संगीतशिक्षक सांगेल.

तथापि, पुस्तकाने सारे साधते असे मात्र नाही. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव कागदावर उतरत नाही, हा जुन्या गवयांचा आक्षेप रास्तच होता. लखनौच्या महाविद्यालयाचे वैशिष्ट्य असे, की तेथे क्रमिक पुस्तकाच्या जोडीला सरोदवादक सखावत हुसेन खाँ, तबल्यातील लखनौ घराण्याचे आबिद हुसेन खाँ यांच्यासारखे घराणेदार कलावंतही शिकवीत होते. १९२८ मध्ये प्राचार्यपदी आलेले पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या ठायी तर या दोन्ही गोष्टी एकवटल्या होत्या. त्यांचे वडील पोलीस खात्यात नोकरीस होते आणि संगीताचे मोठे प्रेमी होते. मुलाला वयाच्या सातव्या वर्षी त्यांनी कारवारकडील कृष्णम् भट्ट यांच्याकडे पाठविले. तेथे प्रथम भर होता तो केवळ स्वरज्ञानावर. आजचा पालक अशा वेळी महिन्याभरातच विचारतो, “गाणे कधी शिकवणार?” पुढे रातंजनकरांना भातखंडे यांचे मार्गदर्शन मिळाले, बडोद्यास उस्ताद फैयाज खाँ यांची तालीम मिळाली, आणि १९२६ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधरही झाले.

याच रातंजनकरांच्या लखनौच्या घरी १९३६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा शिकण्यासाठी येऊन राहिला. तो म्हणजे पुढे विख्यात झालेले पंडित के. जी. गिंडे. एवढ्या लहान वयाच्या मुलाला एवढ्या दूर पाठविणारे आई-वडील आज विरळा. तसे करावे असेही मी सुचविणार नाही. परंतु त्या घराने मुलाला जे दिले, ते मोलाचे होते. शिकवणीचा तास संपला तरी कानांवर पडणारे सूर संपत नसत. आपल्या घरी गायक नसेल, पण रात्री जेवताना अर्धा तास चांगले गाणे लावणे आणि ते आपण स्वतःही ऐकणे कोणाला अशक्य आहे? आई-वडील मालिका पाहत आहेत आणि मूल आतल्या खोलीत एकटे रियाझ करीत आहे, अशा घरात सूर फार दिवस मुक्काम करीत नाही.

चित्रकलेलाही हेच लागू पडते. झाड निळे काढले म्हणून चिमुकल्याला टोकू नये. मात्र पुढे शासकीय रेखाकला परीक्षांची वेळ येते, तेव्हा रेषेचा कंटाळवाणा सराव चुकवू देऊ नये.

खरी कसोटी लागते ती तेराव्या ते पंधराव्या वर्षी. मुलग्यांचा आवाज फुटतो. वरच्या पट्टीतले सूर लागेनासे होतात आणि ‘याचा गळा गेला’ असा निर्णय घरचे परस्पर देऊन टाकतात. या काळात पट्टी उतरवावी, मंद स्वरात थोडे गावे, ताल आणि श्रवण यांवर भर द्यावा. आवाज नव्याने स्थिरावतो. त्याच सुमारास दहावी येते आणि तबल्याची जोडी माळ्यावर जाते. ती तेथून क्वचितच खाली येते. भातखंडे आणि रातंजनकर या दोघांनीही पदवी आणि संगीत बरोबरीने सांभाळले, हे अशा वेळी आठवावे. दहावीच्या वर्षी वीस मिनिटांची दहा करावीत, शून्य करू नयेत. मूल कलावंतच झाले पाहिजे, हा हट्टही नको. तानसेन न झाले तरी चांगला कानसेन झाले, तर संगीताची मैफल त्याच्यावाचून अडते.

बदलीच्या नोकरीत असलेल्या आमच्या सहकाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. लखनौहून नागपूर, नागपूरहून रत्नागिरी, या फेऱ्यांत मुलांचे शिक्षक सुटतात आणि पुष्कळदा कलाही सुटते. शाळेचा दाखला आपण आठवणीने घेतो. त्याच आठवड्यात संगीतशिक्षकांकडे जाऊन मुलाच्या वहीत कोणते राग, कोणत्या बंदिशी, कोणते ताल झाले आणि कोणती पट्टी आहे, हे स्वरलेखनासह लिहून घ्यावे. नव्या गावी पहिला महिना सामान लावण्यात जातो; शिक्षक मिळेपर्यंत ती वही उघडून मुलाने रोज झालेले पाठ म्हणावेत आणि घरातील कोणीतरी शेजारी बसून टाळी-खाली मोजावी.