स्पीकर बदलण्याआधी मीटर लावा

बेस गिटारच्या सरावाचा लहान अॅम्प्लिफायर फरफरू लागला की गिऱ्हाईक त्याच इंचाचा स्पीकर मागते. आम्ही म्हणतो, आधी प्लग काढून स्पीकरच्या तारा सोडवा आणि मीटर लावा. ८ ओहमचा शाबूत स्पीकर ६ ते ७ दाखवतो. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली. आकडा बरोबर, पण कोन हलके दाबताच खरखर झाली तर कॉइल घासते आहे.

पुढची तपासणी बहुतेकजण टाळतात. ट्रान्झिस्टरचा अॅम्प असेल तर (व्हॉल्व्हचा स्पीकरविना कधीच चालवू नये) तो चालू करून मोकळ्या तारांवर डी.सी. व्होल्ट मोजा. जवळपास शून्य हवे. काही व्होल्ट दिसले तर बिघाड अॅम्पमध्येच आहे. नवा स्पीकरही जळेल, पैसे दोनदा जातील.

नवा घेताना ओहम तेवढेच, वॅट अॅम्पपेक्षा जास्त. ८ च्या जागी ४ लावल्यास अॅम्प तापतो. साध्या गिटारचा स्पीकर मापात बसतो, पण खर्जाचे धक्के त्याला सोसत नाहीत. कापडातही पन्हा सारखा म्हणून सूत सारखे नसते! बसवताना कडेला फट ठेवू नका, खर्ज पातळ होतो.