नीट हुकली म्हणून नव्हे

'बारावीला बायोलॉजी आहे. नीटमध्ये नाही जमलं, तर रिसर्चला घालू का?' दिल्लीतले मराठी पालक हमखास विचारतात. असं 'घालून' संशोधक होत नाही, हे आधीच सांगतो.

डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांवरचं संशोधनच घ्या. एम्सचं राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र 1967 सालचं. सगळे 'आरपी सेंटर' म्हणतात. रेटिनायटिस पिगमेंटोसासारखे आनुवंशिक आजार घेऊन लांबलांबहून कुटुंबं तिथे येतात. सुरुवात रातांधळेपणाने होते, पण गाजरं खाऊन न जाणारा हा रातांधळेपणा. पुढे नजर कडेकडून आक्रसत जाते. इथे संशोधनाची सुरुवात कागद-पेन्सिलीने होते. वंशावळ काढायची: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, आजारी माणूस काळा भरलेला. नात्यातलं लग्न असेल तर जोडरेघ. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे ही जोडरेघ मराठी मुलांना नवी नसावी. आई-बाप दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असले, की प्रत्येक मुलाला आजाराचा धोका चारात एक. हे त्या आईला दोष न देता हिंदीत समजावता आलं पाहिजे. मार्कशीटवर त्याचे गुण नसतात.

मग रक्ताचा नमुना, डीएनए, सिक्वेन्सिंग, आणि पुढचे कित्येक महिने कॉम्प्युटरसमोर. सापडलेला बदल आजाराचा की नुसताच भारतीयांमधला नेहमीचा, हे ठरवणं सर्वांत किचकट. त्यासाठी दिल्लीच्याच सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या 'इंडिजेन' प्रकल्पातले हजाराहून अधिक भारतीयांचे जीनोम उपयोगी पडतात. तेव्हा संख्याशास्त्र आणि थोडं कोडिंग हवंच. गणित टाळायला बायोलॉजी घेतलेल्यांनी इथे फिरकू नये.

वाट दोन बाजूंनी जाते. एमबीबीएस, मग नेत्रविज्ञानात एमडी करून संशोधन; किंवा बीएस्सी, एमएस्सी (दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसला जेनेटिक्स विभाग आहे, जेएनयूत बायोटेक्नॉलॉजी), नेट-जेआरएफ शिष्यवृत्ती आणि पीएचडी. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. दिल्लीत त्यात एकट्याचं भागतं. मात्र पीएचडीची पाच-सहा वर्षं आणि पोस्टडॉक धरला, तर कायम नोकरी तिशी उलटल्यावरच. तोवर 'लग्नाचं काय?' विचारणार असाल, तर आताच घरात बोलून घ्या.

बरं, फळ काय? अशाच आनुवंशिक नेत्रविकाराला कारण ठरणाऱ्या आरपीई65 जनुकातल्या दोषावरच्या लक्स्टर्ना या जीनथेरपीला अमेरिकेत 2017च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. किंमत दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर! आणि अशा आजारांना कारणीभूत जनुकं तर शेकड्यांनी आहेत. स्वस्तातला उपचार कुणीतरी इथेच शोधायला हवा, म्हणून या क्षेत्रात कामाला तोटा नाही. तोटा आहे तो कायम जागांचा.

मुलगी बीएस्सीला असेल, तर विज्ञान अकादमींच्या समर रिसर्च फेलोशिपचा अर्ज भरायला लावा. दोन महिने लॅबमध्ये पिपेट धरून, फसलेले प्रयोग पुन्हा लावून ती परत आली, की निर्णय तिलाच विचारा.