रुळांच्या जागी खडी

प्रश्न : स्पेनमध्ये पहिल्यांदाच ग्रॅव्हल सायकलिंग करायचं आहे. गर्दी नको, दमछाक करणारे चढ नकोत. पण तटबंदीचं जुनं शहर पाहायचंय. कुठे जावं?

उत्तर : नवख्यांसाठी कातालुन्यातली ओलोत ते जिरोना ही ५४ किलोमीटरची वाट उत्तम. इथे पूर्वी ‘कारिलेत’ नावाची छोटी आगगाडी धावायची. रुळांमधलं अंतर जेमतेम ७५ सेंटिमीटर! १९६९ मध्ये ती बंद पडली आणि पुढे त्याच मार्गावर सायकली आल्या. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून इथले चढउतारही सौम्य.

सुरुवात ओलोतहून करावी. आधी खिंडीपर्यंत थोडा चढ, मग बराचसा उतार.

टायर चाळीसेक मिलिमीटर रुंद असावेत आणि हवा रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा कमी. बारीक खडीवर पकड सुटत नाही. जुलै-ऑगस्टचं ऊन टाळून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा. दुपारी खेड्यांतली दुकानं बंद असतात, तेव्हा पाण्याच्या बाटल्या आधीच भरलेल्या बऱ्या.

जिरोनात सायकल लावून तटावर चढावं. वरून फिरता येतं. खाली कौलारू छपरं, समोर कॅथेड्रल आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला पिरेनीजची शिखरं.