आधी काम ठरवा, मग संगणक घ्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांचे हिशेब लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. कारखान्यात नवा संगणक घ्यायचा असो की एखाद्या कामगाराच्या मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप, लोक सल्ला विचारतात. पण बरेचदा विचारतात ते पैसे देऊन झाल्यावर. त्यातून झालेलं नुकसान जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो.

एका कारखान्यात ओळखीच्या माणसाने बनवलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. स्वस्त होतं, बिलंही सुबक छापून येत. पुढे त्या माणसाने हा धंदा सोडला आणि नेमका त्यानंतर कारखान्याचा संगणक बिघडला. नव्या संगणकावर सॉफ्टवेअर सुरू करण्याचा पासवर्ड त्याच्याकडेच होता. डेटाची फाइल हाताशी होती, पण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडत नव्हती. शेवटी छापील बिलं समोर ठेवून सगळ्या नोंदी टॅलीत नव्याने भराव्या लागल्या. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपाव्या लागतात. त्यामुळे ‘आता नव्याने सुरुवात करू’ असं म्हणून सुटका नव्हती.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हा विचारा: उद्या हे सोडलं, तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल का? नुसत्या होकारावर थांबू नका, समोर काढून दाखवायला सांगा. डेमोही विक्रेत्याच्या नमुन्यावर पाहू नका. आपल्याच मागच्या महिन्याची चार बिलं, एक परत आलेला माल आणि एक क्रेडिट नोट घेऊन बसा. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. ती सोय बंद करता येत नाही ना, हे आपल्या सीएंकडून तपासून घ्या.

दुसरा अनुभव घरातला. भाचीला कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घेतला गेला. ‘आय-सेव्हन आहे, एकदम भारी’ एवढ्या शब्दावर व्यवहार झाला. प्रोसेसर निघाला चौथ्या पिढीचा. विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. म्हणजे घेतानाच त्या लॅपटॉपचं आयुष्य सरत आलं होतं. वर त्यात टाकलेलं विंडोज विनापरवाना होतं.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही तुलना एकाच पिढीत खरी असते. पिढी ओळखायला पुढचा आकडा वाचा: 4600 म्हणजे चौथी, 8250 म्हणजे आठवी, 1135 म्हणजे अकरावी. दुकानातच सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून प्रोसेसर आणि रॅम पाहा, ‘अॅक्टिव्हेशन’ उघडून परवाना पाहा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, ते कळतं. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा, नोटपॅडमध्ये सगळी बटणं दाबून बघा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वाय-फाय जोडा, कॅमेरा आणि माइक तपासा. बिलावर सिरियल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण हातात बिल हवं.

टायपिंग, ऑनलाइन तास, प्रोजेक्ट यांसाठी 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुरतो. इंजिनिअरिंग किंवा डिझाइनसाठी मात्र आधी कॉलेजच्या विभागातून सॉफ्टवेअरची यादी आणा आणि त्या यादीनुसार लॅपटॉप निवडा. कोणतं कापड विणायचं हे ठरवल्याशिवाय आपल्याकडे कुणी माग घेत नाही, तसंच हे आहे. चोरीचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकून घेण्याची तर गरजच नाही. लिब्रेऑफिस मोफत आहे आणि शाळेच्या कामाला पुरेसं आहे.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक चाचणी जरूर करावी. एक परिच्छेद टाइप करून तो मजकूर स्वतःच्याच मोबाइलवर पाठवा. नीट वाचता आला तर तो युनिकोड आहे. अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, तर तो जुन्या फॉन्टचा मजकूर आहे आणि पुढे तो शोधताही येणार नाही. डेस्कटॉप घेत असाल तर यूपीएसचे पैसे त्याच हिशेबात धरा. काम चालू असताना वीज गेली की डेटाची फाइलच खराब होऊ शकते. दर आठवड्याला वेगळ्या ड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का, हेही अधूनमधून पाहा.

शाळांसाठी तर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव सर्वदूर पोहोचलं. त्या कल्पनेचं बळ साधेपणात आहे. महागडं यंत्र न घेता पालकांच्या हातातल्या फोनवर धडा पोहोचतो. याउलट 2011 मध्ये विद्यार्थ्यांसाठी गाजावाजा करून आलेल्या ‘आकाश’ टॅबलेटची किंमत कमी होती, पण 256 एमबी रॅम आणि संथ पडदा यांमुळे तो अभ्यासाच्या कामी आला नाही. शाळेसाठी देणगी देणाऱ्यांनी आणि खरेदी करणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणं समोर ठेवावीत.

जूनची खरेदी करण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: काम कोणतं, त्याला सॉफ्टवेअर कोणतं, आणि त्या सॉफ्टवेअरला यंत्र कसं लागतं. तो कागद घेऊनच दुकानात जा. जो दुकानदार तपासायला वेळ देत नाही, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.